स्क्रीनवरच्या फुल्या कशासाठी?

सेतू केंद्रातल्या जुन्या टच मशीनवर कास्तकार ‘होय’वर बोट ठेवतो आणि शेजारचं ‘रद्द’ दाबलं जातं. वरून ‘काका, नीट दाबा ना’ हेही त्यालाच ऐकावं लागतं. हे मला खटकतं, कारण अशा वेळी मशीनचं कॅलिब्रेशन, म्हणजे स्पर्शाची जागा आणि चित्रातली जागा यांची जुळणी, सरकलेलं असू शकतं.

चित्र दाखवणारा पडदा वेगळा आणि स्पर्श ओळखणारा थर वेगळा. दाबून चालणाऱ्या, म्हणजे रेझिस्टिव्ह, स्क्रीनमध्ये वर लवचीक फिल्म आणि खाली काच असते. दोन्हींच्या आतल्या बाजूला इंडियम टिन ऑक्साइडचा पारदर्शक लेप असतो, त्यातून वीज वाहते. बोट दाबलं की दोन्ही लेप टेकतात आणि त्या जागचा व्होल्टेज मोजला जातो. १२ बिटांच्या मोजणीत तो ० ते ४०९५ मधला एक आकडा असतो. हा आकडा चित्रातल्या कुठल्या जागेचा, हे मशीनला आपोआप कळत नाही.

ते फुल्यांवरून कळतं. मशीन जुळवताना स्क्रीनवर ठरलेल्या जागी फुल्या दिसतात, त्या एकेक करून दाबायच्या असतात. समजा, ८०० पिक्सेल रुंद स्क्रीनवर ८०व्या पिक्सेलवरची फुली दाबल्यावर ६०० आले आणि ७२०व्यावर ३४८०. म्हणजे ६४० पिक्सेलला २८८०, एका पिक्सेलला साडेचार. मग २४०० आले की बोट ४८०व्या पिक्सेलवर आहे. हीच मोजणी १३५ने सरकली, तर स्पर्श ३० पिक्सेल बाजूला नोंदला जातो. ७ इंची स्क्रीनवर हे अंतर जवळजवळ ६ मिलिमीटर भरतं, आणि तेवढ्यात बटण हुकतं.

थर जरा तिरका बसला असेल तर आडवा आणि उभा हिशेब एकत्र करावा लागतो. त्यात ६ संख्या शोधायच्या असतात. एका फुलीतून दोन समीकरणं मिळतात, म्हणून किमान ३ फुल्या लागतात, त्याही एका रेषेत नसलेल्या.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, त्यात केंद्रावर टिनाचं छप्पर. उष्णतेनं फिल्म पसरते, लेपाचा रोध बदलतो. हिवाळ्यात जुळवलेलं मशीन उन्हाळ्यात हुकू लागलं तर ते पुन्हा जुळवावं, तेही तापल्यावर. लोक उभ्यानं वापरत असतील तर फुल्याही उभ्यानंच दाबाव्यात, कारण काचेच्या जाडीमुळे तिरक्या नजरेला फुली सरकलेली दिसते. पेनाचं टोक मात्र वापरू नये, फिल्मवर ओरखडे पडतात.

मोबाईलची स्क्रीन कपॅसिटिव्ह असते. तिथं दाब लागत नाही, बोटामुळे विद्युतधारिता, म्हणजे वीजभार साठवण्याची क्षमता, बदलते. स्पर्श नसतानाची पातळी फोन स्वतःच तपासत राहतो, म्हणून फुल्या दाबाव्या लागत नाहीत. पावसाचे थेंबही ही धारिता बदलतात. वावरात भिजलेला फोन भलतंच उघडू लागला, तर आधी तो कोरड्या कापडानं पुसावा.