जानेवारीत दोन पानं, मार्चमध्ये सिंह

१९६७ साली गोव्याच्या मतदारांनी दहा आठवड्यांत दोनदा मतदान केलं. १६ जानेवारीला त्यांनी महाराष्ट्रात विलीन व्हायला नकार दिला. २८ मार्चला त्याच मतदारांनी विलीनीकरणासाठीच जन्मलेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला पुन्हा सत्तेवर बसवलं. महाराष्ट्रात हे अजूनही अनेकांना कोडं वाटतं. मला ते वाटत नाही, पण ते उलगडायचं तर १९६३ पासून सुरुवात करावी लागते.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि दमण व दीवसह केंद्रशासित प्रदेश बनला. गोव्याचं वेगळेपण जपलं जाईल, पुढचं लोकांनी ठरवावं, अशी नेहरूंची भूमिका होती. पहिली विधानसभा निवडणूक ९ डिसेंबर १९६३ ला झाली. एकूण ३० जागा, त्यातल्या गोव्यात २८. दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, म्हणजे मगो, सिंहाच्या निशाणीवर लढला. विलीनीकरणाला विरोध करणाऱ्या डॉ. जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्स पक्षाची निशाणी हात होती. मगोला १४ जागा मिळाल्या, युनायटेड गोवन्सना १२. मुक्तीचं श्रेय सांगणाऱ्या काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही.

बांदोडकरांनी, आणि मुंबईतल्या पुढाऱ्यांनीही, या निकालाचा अर्थ लावला तो असा: लोकांनी विलीनीकरणाला मत दिलं. इथेच घोटाळा झाला असं मला वाटतं. सिंहावर शिक्का मारणाऱ्या कुळाला, दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकाराला, देवळाच्या गाभाऱ्यापासून पिढ्यान्‌पिढ्या लांब ठेवलेल्या माणसाला सर्वांत आधी भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, धाकातून सुटायचं होतं. ज्या घरात राहतो त्या घराखालची जमीन भाटकाराची, जी शेती कसतो तीही त्याचीच, अशी त्याची अवस्था होती. बांदोडकर बहुजन समाजातून आलेले. त्यांच्या सरकारनं १९६४ मध्ये कूळ कायदा केला आणि गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. महाराष्ट्र हा अनेकांसाठी भाटकारशाहीच्या विरुद्धचा शब्द होता. नकाशावरची हद्द हा विषय त्यानंतरचा.

तरीही १९६५ मध्ये मगोनं बहुमताच्या बळावर विधानसभेत विलीनीकरणाचा ठराव मंजूर करून घेतला. महाराष्ट्र विधानसभेनंही तसाच ठराव केला. मैसूरचा, म्हणजे आजच्या कर्नाटकाचा, अर्थातच विरोध होता, बेळगावचं भांडण पेटलेलंच होतं. सिक्वेरांनी धरलेला मुद्दा मात्र या सगळ्याहून साधा होता: पाच वर्षांसाठी निवडून दिलेल्या आमदारांनी प्रदेशाचं अस्तित्वच संपवणारा निर्णय घ्यायचा का? तो लोकांनाच विचारा. गोवा काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर हेच गाऱ्हाणं घेऊन दिल्लीत ठाण मांडून बसले. शास्त्रीजी गेले, इंदिरा गांधी आल्या, आणि डिसेंबर १९६६ मध्ये संसदेनं जनमत कौलाचा कायदा केला. बांदोडकर मुख्यमंत्री असताना कौल निष्पक्ष होणार नाही, ही विरोधकांची तक्रारही मान्य झाली. डिसेंबरच्या सुरुवातीला त्यांच्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला.

मतपत्रिकेवर उमेदवार नव्हतेच. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित वेगळेपण. दमण आणि दीवला गुजरातबद्दल विचारलं होतं, तिथेही लोकांनी वेगळेपणच निवडलं. गोव्यात आणि कोकणात देवाला कौल लावतात तेव्हा मूर्तीवर फुलं-पाकळ्या चिकटवतात आणि कुठली आधी पडते ते पाहतात. फूल आणि पानांच्या या मतदानाला 'कौल' हा शब्द म्हणूनच फार चपखल बसला. हा कौल देवाला लावला नव्हता, लोकांना लावला होता, एवढाच फरक. नोकरीधंद्यासाठी मुंबईत, तिथल्या गोवेकरांच्या कुडांत, म्हणजे सामाईक बिऱ्हाडांत, राहणाऱ्यांना मात्र मत नव्हतं. बाहेरच्या गोवेकरांनाही मताधिकार द्या ही मागणी फेटाळली गेली होती.

प्रचार कडाक्याचा झाला. महाराष्ट्रातून पुढारी आले, शाहीर आले, आचार्य अत्रे आले. मराठी दैनिक 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूनं उभा होता. समोर उभा राहिला 'राष्ट्रमत', आणि तोही मराठीच. चंद्रकांत केणी संपादक, आणि उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या वाचकानं जरा थांबून लक्षात घ्यावी. विलीनीकरणाविरुद्धचं सर्वांत धारदार लिखाण मराठीत झालं, कारण ज्या हिंदू वाचकाला वळवायचं होतं तो मराठी वाचत होता. कोकणी ही स्वतंत्र भाषा की मराठीची बोली, हा वाद होताच. पण 'आम्हाला मराठी नको' एवढंच काही दोन पानांच्या मतांमागे नव्हतं.

रोजच्या जगण्यातले प्रश्न जास्त बोलके होते. महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा, मग माडाची सूर काढणाऱ्या रेंदेरानं आणि काजूची फेणी गाळणाऱ्यानं काय करायचं? मुक्तीनंतर बाहेरून डेप्युटेशनवर आलेले अधिकारी कचेऱ्यांत बसले होते. उद्या गोवा एक जिल्हा झाला तर आपल्या मुलांना नोकऱ्या कोण देणार? आणि सगळ्यात मोलाची गोष्ट, मुख्यमंत्री. भाऊसाहेब, म्हणजे बांदोडकर, पणजीत होते, भेटत होते, गावचा माणूस त्यांच्यापर्यंत पोचत होता. विलीन झाल्यावर सरकार मुंबईत जाणार. भाऊसाहेबांवर जीव असलेल्या माणसालाच हा विचार जास्त टोचला असेल.

१९ जानेवारीपासून पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेत मोजणी झाली. ३,८८,४३२ मतदारांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिलं होतं, म्हणजे सुमारे ८२ टक्के. दोन पानांना १,७२,१९१, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. याचा अर्थ सतरा हजारांच्या आसपास माणसं पलीकडे गेली असती तर आज पणजी हे महाराष्ट्रातलं एक जिल्ह्याचं ठिकाण असतं.

या निकालावर 'ख्रिश्चनांनी विलीनीकरण हाणून पाडलं' असं एक वाक्य पुढे वर्षानुवर्षं ऐकू येत राहिलं. ते आकड्यांपुढे टिकत नाही. गोव्यातली ख्रिस्ती लोकसंख्या चाळीस टक्क्यांच्या आत होती आणि झालेल्या मतदानातली ५४ टक्के मतं दोन पानांना पडली. ख्रिस्ती वस्ती जास्त असलेल्या सासष्टीसारख्या तालुक्यानं वेगळेपणाला भरभरून साथ दिली हे खरं, पण हजारो हिंदू मतदार सोबत आल्याशिवाय हा आकडा गाठता येत नाही. त्यांतल्या कित्येकांनी १९६३ ला सिंहावर शिक्का मारलेला असणार.

म्हणूनच मार्चच्या निवडणुकीत मला विसंगती दिसत नाही. कौल हरल्यावर मगो संपणार असं भाकीत करणं सोपं होतं. प्रत्यक्षात ३० पैकी १६ जागा मगोला मिळाल्या, युनायटेड गोवन्सना पुन्हा १२, दोन अपक्ष. १९६३ पेक्षा मगोच्या दोन जागा वाढल्या! लोकसभेच्या दोन जागांपैकी पणजीत जनार्दन शिंक्रे आले, मुरगावात सिक्वेरांचे पुत्र एराझ्मो.

विलीनीकरणाचा प्रश्न टेबलावरून उठला होता आणि उरला होता तो घरचा प्रश्न: सत्ता भाटकाराच्या माणसांकडे जाणार की आपल्या? सिंहावर शिक्का मारला तर गोवा जाईल ही भीती आता कुणालाच नव्हती. उलट, जानेवारीत दोन पानांना मत देऊन मतदारानं भाऊसाहेबांची खुर्ची पणजीतच राखली होती आणि मार्चमध्ये तिच्यावर त्यांनाच बसवलं. सरकार आवडलं नाही तर पाच वर्षांनी बदलता येतं, एकदा पुसलेली हद्द पुन्हा आखून मिळत नाही. गावच्या शाळेतही न गेलेल्या माणसानं हे दोन निर्णय वेगळे ठेवले, कारण ते त्याला वेगवेगळे विचारले गेले. १९६३ मध्ये दोन्ही एकाच निशाणीत बांधले होते, तेव्हा त्याला तशी सोयच नव्हती.

एप्रिल १९६७ मध्ये बांदोडकरांनी पुन्हा मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. ऑगस्ट १९७३ मध्ये ते पदावर असतानाच वारले आणि त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. नावात महाराष्ट्र असलेला हा पक्ष महाराष्ट्रात न गेलेल्या गोव्यावर १९७९ पर्यंत राज्य करत राहिला.