अ‍ॅबिलीन आणि ड्रोव्हर्स कॉटेज

अ‍ॅबिलीन : अमेरिकेच्या कॅन्सस राज्यातील डिकिन्सन काउंटीचे मुख्य ठिकाण. टेक्ससहून पायी आणलेली गुरे रेल्वेत चढवण्याचे पहिले मोठे केंद्र म्हणून १८६७ ते १८७१ या पाच हंगामांत ते गाजले. त्याआधी येथे मातीच्या छपरांच्या डझनभर लाकडी खोपट्यांपलीकडे फारसे काही नव्हते. नाव मात्र थेट बायबलमधले.

अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या (१८६१–६५) वर्षांत टेक्ससमध्ये लांब शिंगांची गुरे अमाप वाढली. तेथे तीन-चार डॉलरला मिळणाऱ्या जनावराला उत्तरेत सुमारे दसपट भाव येई. पण ही गुरे जेथून जात तेथली गावची जनावरे तापाने मरत, म्हणून मिसूरी आणि पूर्व कॅन्ससमधले शेतकरी बंदुका घेऊन वाट अडवत. त्यांना आडमुठे ठरवणे अन्यायाचे होईल. हा ताप गोचिडींतून पसरतो हे १८९३ मध्ये सिद्ध झाले आणि त्यांची भीती खरी ठरली.

इलिनॉयचा गुरांचा व्यापारी जोसेफ मकॉय याने या कोंडीतून वाट काढली. नवा लोहमार्ग, मुबलक गवत-पाणी आणि विरळ वस्ती, हे सगळे त्याला अ‍ॅबिलीनला एकत्र सापडले. गाव खरे तर टेक्ससच्या गुरांना मनाई असलेल्या पट्ट्यात होते, पण कायदा कागदावरच राहिला. रुळांलगत मकॉयने कोंडवाडे, वजनकाटा आणि तीन मजली हॉटेल उभारले. ५ सप्टेंबर १८६७ रोजी गुरांचे पहिले २० डबे शिकागोकडे निघाले. त्या वर्षी सुमारे ३५,००० जनावरे आली. पुढे हा आकडा लाखांत गेला.

ही गुरे ज्या वाटेने येत, तिला जेसी चिझम या चेरोकी (अमेरिकेतील एक मूळ जमात) वंशाच्या व्यापाऱ्याचे नाव पडले. वाटेचा एक भाग त्याच्या माल वाहणाऱ्या छकड्यांच्या चाकोरीवरून जाई. त्याने स्वतः मात्र अ‍ॅबिलीनला कधीच खिलार आणले नाही.

मकॉयच्या हॉटेलचे नाव ड्रोव्हर्स कॉटेज, म्हणजे गुरे हाकून आणणाऱ्यांचे घर. गावाचा खरा प्राण येथे होता. दोन-तीन महिने धूळ खात आलेला टेक्ससचा मालक आणि उत्तरेचा खरेदीदार येथे समोरासमोर येत आणि सौदे ठरत. युद्धात हेच दोन प्रदेश एकमेकांविरुद्ध लढले होते, हे लक्षात घेतले की या भेटींचे मोल कळते. व्यवस्था पाहणाऱ्या लू गोर या बाईंनी घरापासून शेकडो मैल दूर आजारी पडलेल्या काउबॉयांची शुश्रूषा केली, आणि टेक्ससची माणसे त्यांना फार मानत.

लोकांच्या आठवणीत राहिल्या त्या चकमकी. गावचा मार्शल, म्हणजे पोलीसप्रमुख, टॉम स्मिथ पिस्तुलापेक्षा मुठींच्या बळावर शिस्त राखी. नोव्हेंबर १८७० मध्ये तो मारला गेला. १८७१ मध्ये मकॉय महापौर असताना त्या जागी नामांकित बंदूकबाज ‘वाइल्ड बिल’ हिकॉक आला. ऑक्टोबरमधील गोळीबारात त्याच्या हातून फिल को या जुगाऱ्याबरोबर स्वतःचा सहकारी माइक विल्यम्सही चुकून ठार झाला. डिसेंबरात हिकॉकला काढून टाकण्यात आले.

तोवर भोवतीची जमीन नांगराखाली येऊ लागली होती. पिके तुडवली जात असल्याने वैतागलेल्या रहिवाशांनी फेब्रुवारी १८७२ मध्ये पत्रक काढून टेक्ससच्या व्यापाऱ्यांना दुसरीकडे जाण्यास सांगितले. व्यापार हलला आणि त्याच्यामागे हॉटेलही. ड्रोव्हर्स कॉटेजचा मोठा भाग त्याच वर्षी उतरवून सुमारे शंभर किलोमीटर पश्चिमेला, एल्सवर्थ येथे पुन्हा उभा करण्यात आला.