बल्ब लागला म्हणजे अर्थिंग झालं का?

इंदूरच्या रामबागेत माझ्या मावशीचं जुनं घर आहे. गेल्या हिवाळ्यात तिथे न्हाणीघरातला नळ उघडला की हाताला मुंग्या यायला लागल्या. इलेक्ट्रिशियन आला. त्यानं टेस्ट लॅम्पची एक वायर गीझरच्या सॉकेटमध्ये फेजला, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेला लावली, दुसरी वरच्या मोठ्या भोकात, म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेणाऱ्या अर्थच्या भोकात घातली. बल्ब लागेना. मग त्यानं सॉकेट उघडून पाच मिनिटं काहीतरी केलं आणि पुन्हा बल्ब धरला. लख्ख लागला. मुंग्याही थांबल्या. ‘‘देखो मौसीजी, अर्थिंग चालू,’’ म्हणाला. मावशीनं त्याला चहा दिला.

दोन दिवसांनी मेन स्विच बंद करून मी तेच सॉकेट उघडलं. न्यूट्रलच्या, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत बोटाच्या पेराएवढा काळ्या वायरचा तुकडा जोडलेला होता. ते बघून माझ्या पोटात गोळा आला.

या सॉकेटची अर्थची वायर पूर्वी लोखंडी नळाला गुंडाळलेली होती. नर्मदेचं पाणी जमिनीखालून त्याच नळानं घरात यायचं, त्यामुळे तेवढ्यावर काम भागत होतं. पुढे बाहेरचा गंजलेला नळ काढून तिथे प्लास्टिकचा पाइप घातला. प्लास्टिकमधून वीज वाहत नाही. त्यामुळे आतला नळ जमिनीपासून तुटला, पण गीझरला मात्र जोडलेलाच राहिला. गीझरच्या एलिमेंटवर क्षार साचून त्याचं आवरण फुटलं, तेव्हा गळणारी वीज थेट तोटीपर्यंत आली. इलेक्ट्रिशियनच्या तुकड्यानं ती न्यूट्रलवरून परत जाऊ लागली, म्हणून मुंग्या थांबल्या. पण आता मागचा न्यूट्रलचा एखादा स्क्रू सैल झाला असता, तर गीझर चालू करताच फेज एलिमेंटमधून त्या तुकड्यावर आणि तिथून न्हाणीघरातल्या प्रत्येक तोटीवर आला असता. मुंग्यांनी निदान सावध तरी केलं होतं.

मग अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा घातलेला पाइप पुरला की झालं का? मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. हिशेब मांडला तेव्हा डोळे उघडले. खड्ड्याचा रोध (प्रवाहाला होणारा अडथळा) 5 ओहम, म्हणजे घरासाठी चांगला धरला, तर 230 व्होल्टला फार तर 46 अँपिअर प्रवाह जमिनीत जाईल. गीझरच्या लाइनवर 16 अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप पडून वीज तोडणारा स्विच) असेल, तर तो झटक्यात पडायला 80 ते 160 अँपिअर लागतात. 46 अँपिअरला तो कित्येक सेकंद घेऊ शकतो, आणि तेवढा वेळ गीझरच्या अंगावर जवळजवळ पूर्ण व्होल्टेज असतं. ओल्या अंगाचा रोध 1000 ओहम धरा: 230 मिलीअँपिअर. हृदयाची लय बिघडायला याहून कितीतरी कमी प्रवाह पुरतो.

इथे बाँडिंग कामाला येतं. मराठीत त्याला समविभव जोडणी म्हणतात. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर आपण निर्धास्त चालतो. धोका असतो तो कठडा नसलेल्या कडेला, जिथे एकदम उतार लागतो. विजेचंही तसंच. एक हात गीझरवर, दुसरा नळावर, आणि दोन्ही एकाच विभवावर, म्हणजे विजेच्या एकाच पातळीवर असतील तर अंगातून वाहायला प्रवाहाला कारणच उरत नाही. म्हणून घरात येणारा धातूचा पाण्याचा नळ, गॅसचा पाइप आणि इमारतीचं लोखंड हे सगळं मेन बोर्डाजवळच्या अर्थच्या पट्टीला निदान 6 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या हिरव्या वायरनं जोडायचं. न्हाणीघरातले धातूचे भाग तिथल्या तिथे पुन्हा एकमेकांना जोडायचे. वायर नुसती गुंडाळायची नाही. रंग आणि गंज खरवडून क्लॅम्पनं घट्ट आवळायची. पाइप मुळातच प्लास्टिकचे असतील तर त्यांना जोडायची गरज नाही.

प्रवाह तोडण्याचं काम आरसीसीबीचं, म्हणजे गळती ओळखून पडणाऱ्या स्विचचं. फेजनं गेलेला आणि न्यूट्रलनं परतलेला प्रवाह यांत 30 मिलीअँपिअरचा फरक पडला की तो क्षणात पडतो. आरसीसीबी असलेल्या घरात फेज आणि अर्थमध्ये धरलेला 40 वॅटचा बल्ब लागून राहिला, तर ते अर्थिंग चांगलं असल्याचं लक्षण नव्हे. जमिनीत जाणाऱ्या 170 मिलीअँपिअरला आरसीसीबी पडायलाच हवा होता. मावशीकडे आता तो आहे आणि दर संकष्टीला ती त्याचं टेस्टचं बटण दाबते. बटणानं मात्र फक्त यंत्र चालतं आहे एवढंच कळतं. अर्थची वायर तुटलेली असली तरी ते तसंच पडतं.

म्हणून तपासणी मीटरनंच करून घ्यावी. गीझरच्या अंगापासून अर्थच्या पट्टीपर्यंतचा रोध 1 ओहमच्या आत हवा. वायरिंगचं इन्शुलेशन 500 व्होल्टच्या मेगरवर, म्हणजे इन्शुलेशन मोजायच्या मीटरवर, निदान 1 मेगओहम दाखवायला हवं. खड्ड्यासाठी जमिनीत दोन खुंट्या ठोकून अर्थ टेस्टर लावतात. नव्या कनेक्शनच्या वेळी ठेकेदार टेस्ट रिपोर्टवर सही करतो. ती होण्याआधी हे आकडे आपल्या डोळ्यांदेखत मोजून घ्यावेत.

आणि खड्डा मोजायचा तो मे महिन्यात. माळव्याची काळी माती पावसात फुगून पाइपाला घट्ट धरते, तेव्हा आकडा छानच येतो. उन्हाळ्यात तीच माती आकसते, भेगाळते, पाइपाभोवती फट पडते आणि रोध चढतो. त्या दिवसांत खड्ड्याच्या नरसाळ्यातून बादलीभर पाणी घालत राहावं, पण आकडा घ्यावा तो पाणी घालण्याआधीचा.