रुळांचा ठेका, भोंग्याचा स्वर

शहरातल्या गाडीत बसलं की सगळा गोंगाट आपण कानाआड करतो. पण नीट ऐकलं तर गाडीचा वेग, वळण, मोटरचं चढणं-उतरणं, सगळं डोळे मिटूनही कळतं.

सांध्यांचा ठोका घ्या. दोन रुळांमध्ये फट ठेवतात, कारण उन्हात पोलाद वाढतं. तापमान 30 अंशांनी चढलं तर एक किलोमीटर पोलाद साधारण 35 सेंटिमीटरने लांबतं. चाक फटीवरून गेलं की ठोका पडतो. डब्याच्या प्रत्येक टोकाला चाकांच्या दोन जोड्या असतात, म्हणून ठोकेही जोडीने येतात. दोन डबे जुळतात तिथे उभं राहिलं तर शेजारच्या डब्याची जोडी लगोलग ऐकू येते आणि चार ठोक्यांचा ठेका जमतो. यावरून वेगही निघतो. एक रूळ 13 मीटरचा असेल, तर 47 सेकंदांत किती सांधे गेले ते मोजा. तोच आकडा म्हणजे ताशी किलोमीटरमधला वेग (13 गुणिले 3.6 म्हणजे 46.8, इतकंच गणित). जोडीला एकच सांधा धरा, नाहीतर गाडी उगाच दुप्पट वेगाने धावेल! आता बऱ्याच मार्गांवर रूळ वेल्डिंग करून सलग जोडलेले असतात, प्रसरणाचा जोर रुळांखालचे आडवे स्लीपर आणि खडी झेलतात. तिथे हा खेळ जमत नाही.

वळणावरची किंकाळी वेगळी. दोन्ही चाकं एकाच कण्यावर घट्ट बसवलेली असल्याने तीव्र वळणावर ती थोडी आडवी घसरतात. चाक रुळाला चिकटतं, सुटतं, पुन्हा चिकटतं, तेही सेकंदाला शेकडो-हजारो वेळा. गजाखाली व्हायोलिनची तार वाजते ती अशीच.

गाडी सुटताना चढत जाणारा सूर इन्व्हर्टरमुळे येतो. तो मोटरची वीज झपाट्याने तोडतो-जोडतो आणि त्या लयीत मोटरचं पोलाद थरथरतं. जपानच्या केईक्यू रेल्वेच्या काही गाड्यांत सीमेन्स कंपनीच्या इन्व्हर्टरची ही वारंवारता (सेकंदाला किती वेळा तोडजोड होते तो आकडा) पायरीपायरीने वाढायची, त्यामुळे गाडी निघताना चक्क सरगम ऐकू यायची.

मला मात्र सगळ्यात आवडतो तो न थांबता फलाटावरून जाणाऱ्या गाडीचा भोंगा. समोरून गाडी गेली की त्याचा स्वर एकदम उतरतो. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ डॉप्लर यांनी 1842 मध्ये मांडलेला हा परिणाम. गाडी ताशी 72 किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला 20 मीटरने जात असेल आणि ध्वनीचा वेग सेकंदाला 343 मीटर धरला, तर येतानाच्या आणि जातानाच्या वारंवारतांचं गुणोत्तर 363 भागिले 323, म्हणजे 1.124 येतं. शुद्ध रिषभ आणि षड्ज यांचं गुणोत्तर 9 भागिले 8, म्हणजे 1.125. भोंगा येताना रे लावतो, जाताना सा! 1845 मध्ये डच शास्त्रज्ञ बाइज बॅलट यांनी आगगाडीवर तुतारीवादक बसवले, रुळांच्या कडेला सुरांचे पक्के संगीतकार उभे केले आणि स्वर किती सरकतो ते त्यांच्या कानांनी मोजून घेतलं.

राहिली डब्यातली माणसं. गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच कानतज्ज्ञ एत्येन लोंबार यांनी 1911 मध्ये दाखवून दिलं. त्यामुळे शेजारी फोनवर ओरडणाऱ्याचा फारसा दोष नसतो. पंचाईत होते ती गाडी अचानक थांबली की, कारण त्याच्या घरातल्या भांडणाचं अर्धं वाक्य अख्ख्या डब्याला ऐकू जातं.