आगोटीचं (पावसाच्या तोंडावर साठवायचं) सरपण: ओल कुठे जाते, उष्णता कुठे जाते

कोकणात घर उबदार ठेवायला कुणी लाकूड जाळत नाही. ते जळतं न्हाणीच्या चुलाणात आणि पेजेच्या चुलीत. आंबा-काजूच्या फांद्या, माडाची सोडणं, करवंट्या असं सरपण परसातच मिळतं, म्हणून गॅस आलेल्या घरांतही अंघोळीचं पाणी बऱ्याचदा लाकडावरच तापतं. पण फुकटचं लाकूड ओलं असेल, तर ते महाग पडतं.

बादलीभर, म्हणजे २० लिटर पाणी २६ अंशांवरून ४६ अंशांवर न्यायला सुमारे १.७ मेगाज्यूल उष्णता लागते. नुकत्याच तोडलेल्या फांदीत निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. तिच्या एका किलोतून जेमतेम ८ मेगाज्यूल मिळतात. नीट वाळलेल्या लाकडातून १४ च्या आसपास मिळतात. साध्या चुलीत यातली १०-१५ टक्केच उष्णता भांड्यापर्यंत पोचते. म्हणजे सुकं लाकूड किलोभरात काम भागवतं, ओलं दोन किलो लागू शकतं.

हा फरक केवळ पाण्याची वाफ करण्यात खर्च होतो असं वाटेल, पण तसं नाही; तो मुख्यतः ओल्या किलोत लाकूडच कमी असल्यामुळे पडतो. अर्धा लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण १.३ मेगाज्यूल पुरतात. या आकड्यांत न दिसणारं खरं नुकसान धुरात आहे. लाकूड अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापलं की त्यातून ज्वलनशील वायू सुटतात. आपल्याला दिसते ती ज्वाळा त्या वायूंची. ओल्या लाकडात पाणी उरलंय तोवर तो भाग शंभर अंशांच्या फारसा वर चढत नाही. आच मंद राहते, सुटलेले वायू पेटतच नाहीत आणि धूर होऊन कौलांतून निघून जातात. तो धूर म्हणजे न जळलेलं सरपणच, आणि फुंकणी घेऊन बसणाऱ्या बाईच्या छातीतही तोच जातो. मला या सगळ्या हिशेबात हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

मग जूनपासूनच्या दमट हवेत सुकं लाकूड पुन्हा ओलं होणार नाही का? होतं, पण थोडंच. लाकूड हवेतली ओल शोषतं ते पेशींच्या भिंतींत, आणि त्याला मर्यादा असते. हवेची आर्द्रता ९० टक्के असली तरी सावलीतलं लाकूड स्वतःच्या कोरड्या वजनाच्या साधारण २० टक्के पाण्यावर थांबतं. त्यापलीकडे पेशींच्या पोकळ्या भरतात त्या थेट पावसाने किंवा जमिनीच्या ओलीने. म्हणून आगोटीला पडवीत लाकडं रचून, खाली जांभ्याचे चिरे घालून, वळचणीच्या पागोळ्यांपासून ती दूर ठेवण्याची रीत शास्त्राला धरूनच आहे. चिऱ्यांमुळे वाळवीही लांब राहते.

इंग्लंडमध्ये घर तापवणाऱ्या लोखंडी शेगड्यांसाठी २०२१ पासून नियम आहे की थोड्या प्रमाणात विकल्या जाणाऱ्या सरपणात २० टक्क्यांहून जास्त पाणी नसावं. कोकणातली पडवी ऐन श्रावणातही साधारण तितकंच सुकं लाकूड देऊ शकते.

अट एकच, ते आधी वाळलेलं हवं. लाकडातल्या नळ्या उभ्या असतात, त्यामुळे पाणी मुख्यतः कापलेल्या टोकांतून बाहेर पडतं. साल ते अडवते. म्हणून जाड ओंडका तसाच ठेवू नका. आखूड तोडा, फोडा, आणि हे काम मे महिन्यावर न ढकलता दिवाळीनंतर लगेच करा, म्हणजे पुढचे कोरडे महिने पूर्ण मिळतात. सुकलं की नाही ते पाहायला एक फोड खूण करून ठेवा आणि दर आठवड्याला तराजूत घाला. वजन उतरायचं थांबलं की ती जाळायला तयार आहे. न्हाणीचा झरोका मात्र पावसातही बुजवू नका. निखाऱ्यांतून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.