“चालत जा” हे सांगणं आलं कुठून, आणि ते पुरत का नाही

आज बीपी, शुगर वाढली की डॉक्टर चालायला सांगतात, पण एकेकाळी बरोब्बर उलटं सांगायचे. हार्ट अटॅक आला की कित्येक आठवडे पलंगावरून उठायचं नाही, जेवणसुद्धा कोणीतरी भरवायचं. १९५२ मध्ये लेव्हाइन आणि लाउन या डॉक्टरांनी अशा पेशंटना नुसतं खुर्चीत बसवलं तर तेसुद्धा तेव्हा धाडस वाटलं होतं. त्यामुळे घरातली मोठी माणसं अजूनही “आराम कर, दगदग नको” म्हणतात तेव्हा मला त्यांचा राग येत नाही, ती जुनी डॉक्टरकीच बोलत असते.

१९५३ मध्ये जेरी मॉरिस यांचा लंडनच्या बसवाल्यांचा अभ्यास आला. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर डबलडेकरचे जिने सतत चढउतार करणारा, दोघं एकाच बसमध्ये, तरी हृदयविकार कंडक्टरमध्ये कमी आणि झाला तरी सौम्य. मग १९६६ मध्ये डॅलसला पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं आणि त्यांचा दमसास इतका घसरला की ३० वर्षांनी त्याच पाच जणांना परत तपासलं तेव्हा ३० वर्षांच्या वयानं केलेलं नुकसान त्या तीन आठवड्यांपेक्षा कमी निघालं! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी खरंच हादरले होते.

म्हणजे पुरावा होता. पण सगळ्यांनी धरून चाललं की लोकांना फायदे सांगितले की लोक करतील, आणि तसं झालं नाही. त्यात सुरुवातीचा सल्ला दम लागेल अशा व्यायामाचा, तो ऐकूनच वजन जास्त असलेला, गुडघे दुखणारा माणूस घाबरणार. अमेरिकेत १९९५ ला कुठे “बहुतेक दिवस ३० मिनिटं भरभर चाललात तरी चालेल” असं आलं.

बोलायचं कसं याचं उत्तर भलतीकडूनच आलं, दारू सोडवणाऱ्यांकडून. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये मांडलं की माणसाशी वाद घातला, दामटलं की तो न बदलण्याची कारणं जास्त जोरात सांगायला लागतो, त्यापेक्षा त्यालाच विचारा की तुला का बदलायचंय, आणि त्याचं ऐका. पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत त्यांनी ही पद्धत नीट बांधली आणि ती हळूहळू शुगर, हृदयविकाराच्या पेशंटपर्यंत आली. त्याच काळात प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी सिगारेट सोडणाऱ्यांकडे बघून सांगत होते की बदल टप्प्याटप्प्यानं होतो, ज्याच्या मनात अजून विचारच आलेला नाही त्याला व्यायामाचं टाइमटेबल देऊन काय होणार.

न्यूझीलंडमध्ये १९९८ पासून ‘ग्रीन प्रिस्क्रिप्शन’ सुरू झालं. डॉक्टर पेशंटशी बोलून काय जमेल ते ठरवतात, गोळीसारखं कागदावर लिहून देतात आणि नंतर कोणीतरी फोन करून विचारपूस करतं. नुसत्या तोंडी सल्ल्यापेक्षा लिहून दिलेलं जास्त लागू पडतं असं तिथे दिसलं.

२००२ चा अमेरिकेतला डायबेटिस रोखण्याचा अभ्यास तर सगळेच सांगतात. डायबेटिसच्या उंबरठ्यावरचे ३,२३४ लोक, वजन थोडं कमी आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल या गटात डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी, मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी घेणाऱ्या गटात ३१. पण त्या ५८ मागे प्रत्येकाला स्वतःचा एक कोच होता, सुरुवातीलाच समोरासमोर १६ सेशन होती, ते कोणी सांगत नाही, आणि मग दोन मिनिटांत “चालत जा” म्हणून पाठवलेल्या पेशंटला आपण आळशी ठरवतो. मला हे अन्यायाचंच वाटतं.

२०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आणखी एक अट काढून टाकली. आधी सलग निदान १० मिनिटं हालचाल केली तरच ती हिशेबात धरायचे, आता तसं नाही. चार मिनिटं चालून दम लागला, बसला, थोड्या वेळानं परत चार मिनिटं चालला, तर ती आठही मिनिटं मोजायची.