माहितीपटातली माणसं स्वतः बोलू लागली तेव्हा

भारतीय माणसाच्या हातातल्या कॅमेऱ्यापुढे पहिल्यांदा आले ते दोन पैलवान. मुंबईत फोटोग्राफीचं दुकान चालवणाऱ्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, म्हणजे सावे दादांनी, १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती चित्रित केली. दोन वर्षांनी रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तो सोहळाही त्यांनी टिपला. पुढे ज्याला अनुबोधपट आणि नंतर माहितीपट म्हटलं गेलं, त्याची आपल्याकडची सुरुवात ही अशी. त्या चित्रांना आवाज नव्हता, कारण त्या काळी कुठल्याच चित्रपटाला तो नव्हता. पण १९३१ मध्ये ‘आलम आरा’ने पडद्याला वाचा दिली, त्यानंतरही माहितीपटातला साधा माणूस कित्येक वर्षं मुकाच राहिला. त्याच्याविषयी दुसरंच कुणी तरी बोलत होतं.

जात, वस्ती, कष्टकरी समाज, त्यांची ओळख आणि त्यांचं तगून राहणं यावरचे माहितीपट आज भरपूर बनतात, गाजतात, परदेशी महोत्सवांत बक्षिसं मिळवतात. यामागचा इतिहास बहुतेक ठिकाणी दिग्दर्शकांची नावं आणि पुरस्कार यांच्या आधारे सांगितला जातो. माझ्या मते तो आवाजाच्या अंगाने पाहायला हवा. पडद्यावर बोलतंय कोण, आणि ज्यांच्यावर चित्रपट काढला त्यांना तो कधी दाखवला, हे दोन प्रश्न धरून चाललं की बरंच काही उलगडतं.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सरकारला प्रचार हवा होता. त्यासाठी १९४० मध्ये फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड आणि १९४३ मध्ये इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया स्थापन झालं. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, ते बंद पडलं आणि १९४८ मध्ये स्वतंत्र सरकारने मुंबईत फिल्म्स डिव्हिजन सुरू केलं. थिएटरवाल्यांना मुख्य चित्रपटाआधी सरकारमान्य लघुपट दाखवणं बंधनकारक होतं. माझ्या आधीच्या दोन पिढ्यांना ‘भारतीय समाचार चित्र’ आठवतं ते त्यामुळेच. धरणं, लसीकरण, पंचवार्षिक योजना, प्रजासत्ताक दिनाचं संचलन. पडद्यावर आदिवासी नाचायचे, शेतकरी नांगर धरायचा, गिरणीत बाया काम करायच्या आणि वरून एक धीरगंभीर पुरुषी आवाज ही सगळी माणसं कशी पुढे चालली आहेत ते सांगायचा. तोच मजकूर देशातल्या अनेक भाषांत ध्वनिमुद्रित व्हायचा. त्यामागचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. नव्या देशाला स्वतःची ओळख करून द्यायची होती, आणि त्यात मेहनतीने केलेलं उत्तम कामही आहे. साठच्या दशकात जाँ भावनगरी सल्लागार म्हणून आले तेव्हा थोडी मोकळीक मिळाली. एस. एन. एस. शास्त्रींचा ‘आय ॲम ट्वेंटी’ १९६७ चा. स्वातंत्र्याबरोबर जन्मलेली विशीतली मुलं त्यात थेट कॅमेऱ्याशी बोलतात, आणि काही जण देशाविषयी फारसं गोड बोलत नाहीत. पण एकूण कामाच्या मानाने असे चित्रपट थोडेच.

याला तांत्रिक कारणही होतं. ३५ मिलिमीटरचा कॅमेरा अवजड, त्याच्या जोडीला ध्वनिमुद्रण करायचं तर अख्खा लवाजमा हवा. झोपडीत, वखारीत किंवा मोर्चात ते नेणं अवघडच. मग चित्रीकरण मुकं करायचं आणि नंतर स्टुडिओत निवेदन चढवायचं, हाच सोपा मार्ग. १६ मिलिमीटरचा हलका कॅमेरा आणि खांद्याला अडकवायचं टेपरेकॉर्डर हाताशी आलं, तेव्हा समोरच्या माणसाचं बोलणं त्याच्या तोंडच्या हालचालीसकट पकडता येऊ लागलं.

महाराष्ट्राची गोष्ट मात्र एका बाबतीत वेगळी आहे. इथल्या वंचित समाजाला बोलण्यासाठी कॅमेऱ्याची वाट पाहावी लागली नव्हती. सत्यशोधक जलसे होते, भीमराव कर्डकांसारख्यांचे आंबेडकरी जलसे होते. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकरांनी लाल बावटा कलापथक उभं केलं आणि गिरणगावाची कहाणी गिरणगावातच, गिरणगावाच्या भाषेत सांगितली. वामनदादा कर्डकांची गाणी घराघरांत पोचली ती तोंडातोंडी. माहितीपट इथे उशिरा आला, आणि आला तेव्हा समोरचा समाज आधीच बोलका होता. आपल्याकडच्या चांगल्या माहितीपटांत गाणं इतकं का येतं, ते यावरून कळतं.

या वळणावर ‘युगांतर’चं नाव घ्यायलाच हवं, आणि मराठी वाचकांत ते फारच कमी घेतलं जातं याचं मला वाईट वाटतं. १९८० मध्ये बंगळुरात दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि छायाचित्रकार नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांनी हा स्त्रीवादी चित्रपट-गट काढला. त्यांचे पहिले दोन माहितीपट मराठी बोलणाऱ्या कष्टकरी बायकांचे आहेत. ‘मोलकरीण’ (१९८१) पुण्यातला. १९८० मध्ये पुण्यातल्या घरकाम करणाऱ्या बायकांनी उत्स्फूर्तपणे संप केला आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली, त्याची ही गोष्ट. घरकामाला काम म्हणूनच मोजत नव्हते तेव्हाची. महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा व्हायला त्यानंतर २००८ साल उजाडलं.

दुसरा ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ (१९८२), निपाणीचा. निपाणी म्हटलं की आपल्याला १९८१ चं शरद जोशींचं तंबाखू आंदोलन आठवतं, पुणे-बंगळूर महामार्गावर बसलेले शेतकरी आठवतात, पोलिसांचा गोळीबार आठवतो. त्याच गावात, त्याच काळात, वखारींमध्ये दिवसभर तंबाखू झोडणाऱ्या आणि चाळणाऱ्या हजारो बाया संघटित होत होत्या. नाकातोंडाला पदर बांधून काम करायचं, तरी धूळ छातीत जायचीच. त्यांची लढाई निपाणीबाहेर फार थोड्यांना ठाऊक आहे. युगांतरच्या मंडळींनी कॅमेरा घेऊन दोन दिवसांत उरकलं नाही. ती काही महिने त्या बायकांमध्ये राहिली. काय दाखवायचं, कसं दाखवायचं हे बोलून ठरलं. घडून गेलेले प्रसंग बायकांनी स्वतः पुन्हा उभे केले. ही दृश्यं पाहताना जाणवतं की या बाया मुलाखतीला उत्तरं देत नाहीत, त्या एकमेकींशी बोलताहेत आणि आपल्याला ते ऐकू येतंय. अर्ध्या तासाच्या आत संपणारा हा चित्रपट पुढे इतर ठिकाणच्या बायकांना संघटनेचं काम म्हणून दाखवला गेला.

चित्रपट समाजाकडे परत नेण्याची कल्पना जगात याआधीही कुणी तरी करून पाहिली होती. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमधल्या फोगो बेटावरच्या मच्छीमारांना सरकार दुसरीकडे हलवू पाहत होतं. १९६७ मध्ये तिथे नॅशनल फिल्म बोर्डाच्या कॉलिन लो यांनी लोकांचं बोलणं चित्रित केलं आणि ते आधी त्या लोकांनाच दाखवलं. अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेने १९८४ मध्ये तर कॅमेराच कष्टकरी बायकांच्या हाती दिला. त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं.

आनंद पटवर्धन यांचा ‘हमारा शहर’ १९८५ चा, मुंबईतल्या झोपड्या पाडण्यावरचा. त्यात एक बाई आहे. तिचं घर मोडलंय आणि ती चित्रीकरण करणाऱ्यावरच चिडते: गरिबांचे फोटो काढून तुम्ही नाव कमावणार, आम्हाला काय मिळणार? पटवर्धनांनी हा प्रसंग कापून टाकला नाही. अशा चित्रपटांपुढचा सगळ्यात अवघड प्रश्न पडद्यावर तिनेच विचारला, आणि तो चित्रपटात राहिला, हे मला त्या चित्रपटाच्या पुरस्कारापेक्षा मोठं वाटतं. १९८६ मध्ये कुलाब्याजवळचं संजय गांधी नगर पाडलं, तेव्हा रहिवाशांबरोबर उपोषणाला बसलेल्यांत पटवर्धन होते, शबाना आझमीही होत्या. त्या लोकांना अखेर गोरेगावात जागा मिळाली.

‘हमारा शहर’मध्येच एक शाहीर गातो, विलास घोगरे. आव्हान नाट्य मंचाचा, डाव्या चळवळीत घडलेला. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झालेली सकाळी दिसली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलिसांनी गोळीबार केला. १० जणांचा जीव गेला. त्यानंतर काही दिवसांतच घोगरेंनी आपलं जीवन संपवलं. जाताना त्यांनी डोक्याला निळी पट्टी बांधली होती. वर्गाच्या लढाईत आयुष्य घातलेल्या शाहिराला शेवटच्या क्षणी आपली जात आणि आपला समाज का आठवला, हा प्रश्न घेऊन पटवर्धनांनी चित्रीकरण सुरू केलं. ‘जय भीम कॉम्रेड’ पुरा व्हायला १४ वर्षं लागली.

एवढा वेळ लागण्याचं कारण चित्रपटातच दिसतं. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असा पोलिसांचा बचाव होता. चित्रपट टँकर कुठे उभे होते आणि माणसं कुठे पडली हे धीराने तपासत जातो. गोळीबाराची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती गुंडेवार आयोगानेही ती टँकरची कहाणी मानली नाही. गोळीबाराचा आदेश देणारा अधिकारी मनोहर कदम याला २००९ मध्ये जन्मठेप झाली आणि पुढे लवकरच जामीनही मिळाला. या सगळ्याच्या मधून वस्तीतल्या घरांतली भीमगीतं येत राहतात: बाया गातात, पोरं गातात, आणि पुढच्या पिढीचा कबीर कला मंच गातो. त्या मंचाचे शीतल साठे आणि सचिन माळी नंतर भूमिगत झाले आणि एप्रिल २०१३ मध्ये विधान भवनापुढे पोलिसांच्या स्वाधीन झाले. चित्रपट २०११ चा. महोत्सवांबरोबरच तो मुंबईतल्या आणि महाराष्ट्रातल्या वस्त्यांमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवला गेला, आणि तीन तास लोक जागेवरून हलले नाहीत.

सरकारशी खटकाखटकी या सगळ्या काळात चालूच होती. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाने २००३ मध्ये भारतीय माहितीपटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घातली, तेव्हा देशभरचे माहितीपटकार एकत्र आले आणि २००४ मध्ये त्यांनी ‘विकल्प’ नावाने वेगळा महोत्सव भरवला.

आणि ‘हमारा शहर’मधल्या त्या बाईचा प्रश्न अजून मिटलेला नाही. उत्तर प्रदेशात दलित पत्रकार स्त्रियांच्या पुढाकाराने चालणाऱ्या ‘खबर लहरिया’ या वृत्तमाध्यमावरचा ‘रायटिंग विथ फायर’ २०२२ मध्ये ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. पुरस्कार सोहळ्याच्या तोंडावर ‘खबर लहरिया’ने जाहीर निवेदन काढलं: या चित्रपटात आमची गोष्ट आहे, पण ती अर्धीच आहे आणि आमचं काम त्यात नीट आलेलं नाही. दिग्दर्शक रिंटू थॉमस आणि सुष्मित घोष यांनी अनेक वर्षं त्यांच्यासोबत काढली होती. दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत असंच मला वाटतं. फरक इतकाच की १९८५ ची ती बाई एकदाच, कॅमेऱ्याच्या चौकटीत बोलू शकली होती. या बायकांकडे स्वतःचं वृत्तमाध्यम होतं, स्वतःचं यूट्यूब चॅनल होतं, आणि आपल्यावरच्या चित्रपटाला त्यांनी तिथूनच उत्तर दिलं.